सोलच्या आठवणी सांगत सांगत घातलेली 852 पौंडांची टोपी

840 पौंड सोलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांच्या संगीताच्या, एका बनावट निघालेल्या रेकॉर्डचे आणि 12 पौंड 50 पेन्स टपालाचे, म्हणजे एकूण 852 पौंड 50 पेन्स. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचता वाचता "एका गाण्याच्या तबकडीला कुणी एवढे पैसे देतं का?" हा प्रश्न तुमचाही विचारून होईल. घरात तो रोज विचारला जातोय. "अहो, एवढ्यात पुण्याला जाऊन आलो असतो आपण," हे वाक्य आता मला पाठ आहे.

तर हो, देतात. याहून कैक पटींनी जास्त देतात. फ्रँक विल्सन या गायकाची 1965 सालची 'डू आय लव्ह यू' ही रेकॉर्ड डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने छापली आणि बाजारात यायच्या आधीच रद्द केली. बोटांवर मोजण्याइतक्या प्रती वाचल्या. त्यातली एक 2009 मध्ये 25,742 पौंडांना गेली आणि 2020 मध्ये एका प्रतीचे एक लाख पौंड आले. त्या हिशेबात माझे 840 म्हणजे किरकोळ. पण ते माझे होते आणि ओव्हरटाइमचे होते.

मी बोल्टनला राहतो, विगनपासून हाकेच्या अंतरावर. डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिसच्या छोट्या छोट्या कंपन्यांनी साठच्या दशकात काढलेल्या आणि तिथे सपशेल आपटलेल्या सोल रेकॉर्डी उत्तर इंग्लंडातल्या कारखान्यांच्या गावांनी डोक्यावर घेतल्या. त्यालाच नॉर्दर्न सोल म्हणतात. विगन कसिनो (जुगाराचा अड्डा नव्हे, या गाण्यांवर रात्रभर नाचायचा क्लब) 1973 च्या सप्टेंबरात सुरू झालं आणि 1981 च्या डिसेंबरात बंद पडलं. मी या देशात आलो तेव्हा तिथे काहीच उरलं नव्हतं. पण माझ्या खात्यातला फोरमन त्या काळात तिथे रात्रभर नाचलेला. त्याने मला हे वेड लावलं. तेव्हापासून रेकॉर्ड मेळावे, चॅरिटी दुकानं, म्हाताऱ्या संग्राहकांच्या माळ्यावरची खोकी, सगळं पालथं घातलंय. नवशिका आहे म्हणून फसलो, असं कुणी म्हणू नये. मला रेकॉर्ड विकणारा तो माणूस नवशिक्याला भेटलाच नसता. नवशिका 840 पौंड काढत नाही.

फसवणाऱ्यांची पद्धत तुम्हाला माहीत आहे. आधी छोटा सौदा चोख करायचा. या विक्रेत्याने मला जाहिरातीच्या साइटवरून ओटिस रेडिंग या सोल गायकाची, व्होल्ट कंपनीची सिंगल (छोटी रेकॉर्ड) 22 पौंडांना दिली. रेकॉर्ड अस्सल होती आणि सांगितल्यापेक्षा चांगल्या अवस्थेत. पार्सलमध्ये दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी. इथवर कुणीही भला माणूसच म्हणेल.

मग मेसेज सुरू झाले, सगळे आठवणींचे. लाकडी फ्लोअरवर टाल्कम पावडर टाकून कसे गिरक्या घ्यायचे. सकाळी आठला कसिनो बंद होताना टोबी लेजंड, जिमी रॅडक्लिफ आणि डीन पॅरिश यांची ठरलेली तीन गाणी कशी लागायची आणि लोक कसे रडायचे. स्टोकच्या टॉर्च क्लबात 1972 च्या डिसेंबरात सोल गायक मेजर लान्स गायला तेव्हा भिंतींवरून घाम कसा ओघळत होता. मी रात्री जेवण झाल्यावर हे सगळं चवीने वाचायचो. आज कळतंय की मेजर लान्सच्या त्या कार्यक्रमाची एलपी निघालेली आहे, ती तीन गाणी या क्षेत्रातलं पोरगंही सांगेल आणि पावडर तर प्रत्येक माहितीपटात दिसते. त्याच्या एकाही आठवणीत असं काही नव्हतं जे फक्त तिथे असलेल्या माणसालाच ठाऊक असेल. माझ्या फोरमनला विचारा, तो कसिनोच्या संडासात तुंबलेल्या पाण्याबद्दल सांगतो.

एकदा त्याने लिहिलं, "82 च्या हिवाळ्यात कसिनोबाहेर रांगेत गोठलो होतो." ब्याऐंशी! 81 च्या डिसेंबरात बंद झालेल्या क्लबाबाहेर हा 82 मध्ये रांग लावून उभा. मी वाचलं, खटकलं आणि वय झालंय, वर्ष इकडचं तिकडं होतं, असं स्वतःलाच समजावलं. माझ्या वडिलांनाही त्यांच्या लग्नाचं साल नीट आठवत नाही. त्यावरून त्यांना कुणी लबाड म्हणत नाही.

पण खरं चिडायला होतं ते पुढच्या मेसेजवर. गुडघे गेले, आता संग्रह मोडतोय, एक खास वस्तू तुझ्यासाठी ठेवलीय, असं म्हणून त्याने 1966 ची एक लॉस एंजेलिसची रेकॉर्ड पुढे केली. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर इथल्या संग्राहकांत मी कोण ते लगेच ओळखतील आणि हसणारे आधीच कमी नाहीत. ती मी कित्येक वर्षं शोधत होतो आणि हे मीच त्याला गप्पांत सांगितलेलं. त्याने लिहिलं: "छान जड व्हिनाइल आहे. हल्लीच्या पातळ मालासारखं नाही."

जड व्हिनाइल.

हे वाचून मी खूश झालो! ज्याला यातलं कळत नाही त्याच्यासाठी सांगतो. ही रेकॉर्ड लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यात निघाली, आणि मोनार्कच्या त्या काळच्या 45 च्या (मिनिटाला 45 फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डी स्टायरीनच्या. स्टायरीन म्हणजे कडक, हलकं प्लॅस्टिक. साच्यात ओतून तबकडी करायची आणि कागदी लेबल नंतर गोंदाने चिकटवायचं. व्हिनाइल त्याहून जड, किंचित वाकणारं प्लॅस्टिक; त्यात लेबल तबकडीबरोबरच दाबलं जातं, ते तिच्या अंगात बसतं. काही रेकॉर्डी दोन कारखान्यांत निघाल्या आणि त्यांच्या दोन्ही तऱ्हा अस्सल असतात, ते मान्य. हिची दुसरी तऱ्हा नाही. हिची व्हिनाइलची प्रत म्हणजे बनावट, विषय संपला. हे मला ठाऊक होतं. मी स्वतः दुसऱ्यांना हे समजावून सांगितलंय. विकणारा स्वतःच्या तोंडाने 'ही खोटी आहे' असं लिहून देत होता आणि मी त्यात गुण शोधत होतो.

आता कुणी म्हणेल, फोटो का नाही मागितले? मागितले होते. लेबलचे स्वच्छ आले. शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंतची जी गुळगुळीत पट्टी असते, जिला आम्ही डेड वॅक्स म्हणतो, तिच्यावर मात्र नेमका दिव्याचा झोत. पुन्हा मागितला तर म्हणाला, हात थरथरतात. म्हाताऱ्याला किती छळायचं? दिवसा खिडकीजवळ तिरप्या उजेडात काढलेला डेड वॅक्सचा फोटो आल्याशिवाय कुणाच्या थरथरत्या हाताची दया करू नका.

पैसे थेट बँक खात्यात मागितले. साइट कमिशन कापते, ते दोघांनी वाचवू, असं कारण दिलं. हे ऐकलं की तिथेच फोन ठेवा.

पार्सल आलं. तसाच जाड पुठ्ठा, तशीच चिठ्ठी. रेकॉर्ड हातात घेतली आणि वजनानेच पोटात गोळा आला. नखाने टिचकी मारली. स्टायरीन टणकन वाजतं, ही ठप्प बोलली. दोन्ही हातांनी कडा धरून किंचित दाब दिला तर वाकली. लेबलच्या कडेवरून बोट फिरवलं, गोंदाचा कंगोरा कुठे लागेना. मग दिव्याखाली डेड वॅक्स पाहिलं. मोनार्कच्या रेकॉर्डीवर छोटा त्रिकोण आणि पुढे आकडा कोरलेला असतो, बहुधा गोलात एमआर अक्षरांचा ठसाही. इथे त्रिकोण नाही, ठसा नाही, फक्त कुणीतरी सुईने खरवडलेला नंबर, आणि त्यातला सातही वाकडा. गाणं लावलं. गाणं तेच, पण झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या. कुठल्यातरी वापरलेल्या प्रतीवरून उतरवून छापलेली. ओळखीच्या व्यापाऱ्याला दाखवली. पाच पौंड देईन म्हणाला, तेही भिंतीवर लावायला.

विकणाऱ्याला लिहिलं. "मी तर चाळीस वर्षांपूर्वी अशीच घेतली होती" एवढं उत्तर आलं आणि नंबर बंद.

इथून पुढे सरकारी खेळ. स्थानिक पोलीस म्हणाले, फसवणुकीची तक्रार आमच्याकडे नाही, केंद्रीय फोनवर करा. तिथे बराच वेळ संगीत ऐकवून (सोल नव्हे) एका मुलाने प्रश्न विचारले. रेकॉर्ड मिळाली? मिळाली. वाजते? वाजते. गाणं तेच आहे? तेच. "मग तुमचं म्हणणं नेमकं काय आहे, सर?" मी त्याला स्टायरीन समजावून सांगायला लागलो. त्याने स्पेलिंग विचारलं. पुढे एक पत्र आलं: तपासाला पुरेसा धागा नाही. बँक खातं आहे, फोन नंबर आहे, त्याच्या हस्ताक्षरातल्या दोन चिठ्ठ्या आहेत. अजून कसला धागा हवा होता?

बँकेने तर कमाल केली. 7 ऑक्टोबर 2024 पासून इथे नियम आहे की फसवून करून घेतलेल्या ट्रान्सफरचे पैसे बँकांनी 85,000 पौंडांपर्यंत परत द्यायचे. मी तो नियम घेऊन गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, माल पोहोचलाय, वाद मालाच्या दर्जाचा आहे, म्हणजे हा दिवाणी वाद, नियमात बसत नाही. म्हणजे चोराने रिकामं खोकं पाठवलं असतं तर मला आशा होती. त्याने पाच पौंडांची तबकडी घातली आणि ती फसवणूक राहिलीच नाही! ही पळवाट त्या माणसाला माझ्याआधी माहीत होती, पैज लावतो.

दिवाणी तर दिवाणी. 10,000 पौंडांपर्यंतचा दावा छोट्या कोर्टात वकिलाशिवाय लावता येतो. पण प्रतिवादीचा पत्ता लागतो. पार्सलवरचा पत्ता एका लाँड्रीचा निघाला. खातेदाराचा पत्ता बँक देत नाही, कारण गोपनीयता. माझी नव्हे, त्याची. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर सांगितलं की विक्रेता व्यापारी असता तर पाहिलं असतं. तो व्यापारी आहे हे सिद्ध कसं करायचं विचारलं, तर ते पोलिसांचं काम. आणि पोलीस? वर वाचा.

जाहिरातीच्या साइटने उत्तरच दिलं नाही. व्यवहार बाहेर झाला ना.

नव्याने या नादाला लागलेल्या आपल्या मुलांना एवढंच सांगेन: इथे आलात, पगार पौंडात आहे म्हणून रेकॉर्डवर उधळू नका. बनावट माल आजचा नाही. सत्तरच्या दशकातच इथे बूटलेग, म्हणजे चोरून काढलेल्या प्रती, छापल्या जात होत्या. फ्रँक विल्सनचं ते गाणंही तेव्हा एडी फॉस्टर या खोट्या नावाने विकलं गेलं. इथले डीजे तर लेबलवर भलतंच नाव चिकटवून आपली रेकॉर्ड कोणती ते लपवायचे. तेव्हा जुनी दिसते, कडा झिजलीय, लेबलवर कुणाचं तरी नाव पेनाने लिहिलंय, याला काडीची किंमत देऊ नका. बनावटसुद्धा आता पन्नास वर्षांची झालीय. शंभर पौंडांच्या वरची वस्तू हातात घेऊन पाहिल्याशिवाय घेऊ नका, किंवा परत घेण्याची लेखी हमी देणाऱ्या दुकानातूनच घ्या. पेपालवर पैसे भरताना 'मित्र-नातेवाईक' हा पर्याय (त्यात खरेदीदाराला संरक्षण नसतं) कुणी सुचवला तर तो ना मित्र ना नातेवाईक. आणि तुम्ही कोणती रेकॉर्ड शोधताय ते अनोळखी माणसाला सांगू नका. मी सांगितलं आणि महिनाभरात ती नेमकी त्याच्या खोक्यात उगवली.

बँकेतल्या दुसऱ्या एका बाईंनी दबक्या आवाजात सांगितलं की एकाच खात्याविरुद्ध आणखी तक्रारी आल्या तर फाइल पुन्हा उघडते. म्हणून लिहितोय. गेल्या वर्षभरात गुडघे गेलेल्या, टॉर्च आणि कसिनोच्या गोष्टी सांगणाऱ्या कुणाकडून लॉस एंजेलिसची 45 घेतली असेल तर आज रात्रीच ती दिव्याखाली धरा. त्रिकोण नसेल आणि नंबरातला सात वाकडा असेल तर लाज वाटली तरी तक्रार करा, आणि तक्रारीत 'दर्जा' हा शब्द चुकूनही लिहू नका. 'बनावट वस्तू अस्सल सांगून विकली' असंच लिहा. मी पहिल्या अर्जात 'दर्जा' लिहिलं होतं, आणि त्यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवून मला परत पाठवलं.