शनिवारी कोणता माहितीपट लावायचा: 'मिसेस फांग' की 'नो होम मूव्ही'?

वडोद्यात दांडिया बाजारातली आमची सिनेमा बघणारी मंडळी निम्मी सत्तरीपुढची, आणि दोन्ही माहितीपट वयस्क बाईंच्या शेवटच्या दिवसांवरचे, म्हणून हा घोळ. चिनी दिग्दर्शक वांग बिंगचा 'मिसेस फांग' (२०१७, स्वित्झर्लंडच्या लोकार्नो चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार) अल्झायमर झालेल्या बाईंचे शेवटचे दिवस दाखवतो. कॅमेरा चेहऱ्याला खेटून: उघडे दात, टक लावलेले डोळे. खाटेभोवती नातेवाइकांच्या मोठमोठ्याने गप्पा. या बाईंना विचारलं होतं का कुणी? मला तेच खटकतं.

बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकेरमानचा 'नो होम मूव्ही' (२०१५) स्वतःच्या आईवरचा. ब्रसेल्सच्या स्वयंपाकघरात दोघी जेवतात, स्काइपवर 'ठेवते' म्हणत निरोप काही संपत नाही (हे आपल्याकडचंच!). पुढे आईला खोकला, गुंगी. मृत्यू पडद्यावर नाहीच. माहितीपट रेंगाळतो खरा, पण आई स्वतः बोलते. मी हाच लावेन. 'फांग' बघायचाच असेल त्याने घरी बघावा, आणि जेवणाआधी नको.