थिम्मा बोगनवेल : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

रोप 220 रुपयांचं, गेल्या जुलैत घेतलेलं. एकाच वेलीवर पांढरा अन् राणी रंग, पानांवर पिवळट पट्टे, हे सगळ्यांना माहीत आहे. मी वेगळं सांगतो.

फेब्रुवारीत लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता. सात महिने वेल नुसती माजली, कुंपणाच्या वर गेली, रंगाचा पत्ता नाही. नर्सरीवाल्याला तीनदा फोन केला. त्याचं एकच पालुपद : "पाणी कमी द्या भाऊ." मला वाटलं, टोलवतोय. पाण्यावाचून कपाशी वाळताना पाहिलेल्या माणसाला हे पटणार कसं? मी उलट कपाशीचा उरलेला युरिया मूठभर टाकला. पानं आणखी दाट.

मग गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. अकरा दिवस मोटार बंद. प्यायचं पाणी हापशीवरून आणत होतो, बोगनवेलीला कोण विचारतो! काळ्या मातीला भेगा पडल्या, पानं गळाली. 220 रुपये मी सोडून दिले होते. मार्चमध्ये बघतो तर फांद्यांना टोकापर्यंत रंग!

म्हणजे नर्सरीवाला बरोबर होता. आमची भारी जमीन ओल धरून ठेवते, त्यात युरियाचं नत्र. वेल पानंच काढणार. आता माती वरून चांगली सुकली की मगच पाणी. मध्ये एक फांदी पट्ट्यांशिवाय, नुसती हिरवी फुटली, ती बुडातून छाटली. ठेवली तर तीच जोर धरते.

खरी तक्रार कचऱ्याची. मे महिन्यात, पारा 45 वर, आईनं बाजेवर कुरडया घातल्या. वावटळ आली अन् ओल्या कुरडयांना राणी रंगाचे कागद चिकटले. पाण्याच्या रांजणात तेच, चपलांत तेच. "काऊन रे, हे झाड हाये का लग्नाचा मांडव?" मी समजावलं, ही फुलं नाहीत, रंगीत पानं आहेत, फूल म्हणजे मधली बारीक पांढरी नळी. ती म्हणाली, "पान राहो का फूल, अंगण झाडा लागते मलेच."

साडेतीन स्टार. अर्धा कुरडयांचा कापला.

पावसाळा लागला की दहा काड्या मुरूम मिसळलेल्या मातीत लावणार आहे. चार जगल्या तरी पैसे वसूल. आईला अजून सांगितलेलं नाही.