आठशे रुपये देऊन चहाचा मग बनवला, निघाला कटिंगचा

नागपुरात लक्ष्मीनगरकडे पॉटरी आणि प्रिंटमेकिंगचा (म्हणजे ठसा कोरून चित्रं छापायचा) एक छोटा स्टुडिओ सुरू झालाय. मूळची इथलीच पोरगी, बडोद्याला शिकून आली आणि घराच्या खालच्या मजल्यावर तीन चाकं, एक इलेक्ट्रिक भट्टी अन् एक हातानं फिरवायची छपाईची प्रेस टाकून बसली. दोन तासांचे आठशे, माती आणि भाजणं धरून. आई म्हणे चिखल कालवायचे पैसे देऊन राहिला का रे, मूर्तिकारांच्या चितारओळीत जाऊन बस, फुकट शिकवतील. फुकट कोणी नाही शिकवत बाप्पा, पण असो.

मी गेलो भर मे महिन्यात, तीच चूक झाली. पहिला पाऊण तास तर गोळा चाकाच्या मधोमध आणण्यातच गेला, हात स्थिर ठेवा म्हणे, आता माती आपल्यालाच फिरवून राहिली तर हात स्थिर कुठून राहील. कसाबसा मगाचा आकार उभा राहिला, पण कूलरची हवा थेट चाकावर, एका बाजूचा काठ आधी सुकला अन् मग वाकडा झाला. हे मी बोललो तर दुसऱ्या खेपेला कूलरचं तोंड फिरवलेलं आणि ओली वस्तू झाकायला प्लास्टिक ठेवलेलं होतं. ऐकून घेतात, याचे मार्क पूर्ण.

तयार झालेला मग हातात यायला पाच आठवडे लागले आणि यावर माझा राग आहे, कारण बुकिंग करताना "दोन-तीन आठवडे" सांगितलं होतं. भट्टी पूर्ण भरल्याशिवाय लावत नाहीत. एकदा साधारण हजार डिग्रीला कच्चं भाजायचं, मग ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, लावून बाराशेच्या वर पुन्हा, आणि दोन्ही वेळा भट्टी आपोआप थंड होऊ द्यायची, घाई केली की तडा. हे सगळं पटतं, पण मग आधीच पाच आठवडे सांगा ना. वर माती सुकताना अन् भाजताना आक्रसते, हेही आधी कोणी सांगत नाही, चहाचा दणदणीत मग केला होता, निघाला टपरीवरच्या कटिंगचा.

खरी मजा मात्र लिनोकटमध्ये, म्हणजे लिनोलियमच्या (लिनोच्या) तुकड्यावर चित्र कोरून शाईनं छापण्यात, आहे आणि तिकडे कोणी जातच नाही, सगळ्यांना रीलसाठी चाकच पाहिजे. लिनो गरम असला की मऊ कापला जातो, थंडीत म्हणे इस्त्री फिरवावी लागते, आपल्याकडे मे मध्ये खिडकीत ठेवला की काम झालं. नागपूरचं ऊन कोणाच्या तरी कामी आलं! मी काळी मारबत (पोळ्यानंतर आपल्याकडे मिरवणुकीत निघते तो पुतळा) कोरली, खाली "इडा पिडा घेऊन जा गे मारबत". अक्षरं उलटी कोरायची असतात हे स्टुडिओवाल्या ताईनं दोनदा सांगितलं होतं, मी सरळच कोरली, छापून आलं सगळं उलटं. सहा प्रिंट काढल्या, आई आता पाहुण्यांना आरसा आणून देते वाचायला.

शनिवार-रविवारी चाकासाठी रांग राहते, बुधवारी जा. नखं कापून जा, पांढरे कपडे नको, आणि बाथरूम वरच्या मजल्यावर आहे, चिखलाच्या हातानं जिना चढावा लागतो, त्यांनी खाली एक नळ बसवला तर बरं होईल.