थिबा राजवाड्यातलं गाणं आणि बीचवरचं ‘लाईव्ह म्युझिक’

जानेवारीत दोघं मित्र रत्नागिरीला जाऊन आलो, फक्त गाणं ऐकायला. घरात आधी येड्यातच काढलं. आई म्हटली, अरे आपल्या कोल्हापुरात देवल क्लब आहे, १८८३ पासनं तिथं गाणं चाललंय, अल्लादिया खाँसाहेबांसारखे मोठे गवई राहिले त्या गावचा माणूस तू, आणि १३० किलोमीटर घाट उतरून कोकणात गाणं ऐकायला जातोयस होय! बरोबरच आहे म्हणा. पण ८ ऑगस्ट २०२४ ला आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळलं ना, शाहू महाराजांनी १९१५ ला बांधलेलं, तेव्हापासनं कुठल्याही हॉलमध्ये बसलो तरी मन काय लागंना झालंय, म्हटलं चला जरा उघड्यावर ऐकून बघू.

तर थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ ला पकडलं आणि पुढं रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१० ला हा लाल वाडा बांधून दिला, आणि १९१६ ला बिचारा इथंच गेला. त्या आवारात संगीत महोत्सव होतो. जागा म्हणाल तर नाद खुळा! वाडा उंचावर आहे, मागं अंधार, खाली भाट्याची खाडी, आणि एसीची घरघर नाही काही नाही, त्यामुळं गायक नुसता षड्ज, म्हणजे ‘सा’, लावून थांबला तरी तो पार शेवटच्या रांगेपर्यंत येतोय.

पण खरी मजा तबल्याची. रात्री दव पडायला लागलं की पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, सैल पडते आणि स्वर उतरतो. दहाच्या पुढं तबलजी प्रत्येक बंदिशीच्या आधी हातोडी घेऊन गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या चामड्याच्या वेणीवर, टकटक करायचा, एकदा कान लावायचा, परत टकटक, मग गायकाकडं बघून हसायचा, आणि वाजवायचं नसेल तेव्हा तबल्यावर शाल टाकून ठेवायचा, लेकराला झाकावं तशी. दोन्ही तानपुरेपण सारखे जुळवायला लागत होते. मागच्या बाकावरची पोरं कंटाळली, पण मला तर हे बघायलाच जास्त आवडलं. बंद हॉलमध्ये हे एवढं दिसतच नाही ओ.

आणि माणसं! एकानं चुकीच्या जागी टाळी वाजवली तर शेजारच्या आजोबांनी नुसतं बघितलं. पुढं तो समेवरच, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरच, दाद द्यायला लागला. आमच्याकडं ‘क्या बात है’ जरा मोठ्यानं पडतं, कोकणात मान हलवून काम भागतंय.

दुसऱ्या दिवशी मात्र माती खाल्ली. समुद्राकडंच्या एका कॅफेवर ‘लाईव्ह म्युझिक’चा बोर्ड दिसला म्हणून बसलो, नाव घेत नाही. लाईव्ह म्हणजे काय, तर मोबाईलवर ट्रॅक लावायचा आणि त्यावर एका पोरानं माईकवर गायचं. पोरगा सुरात होता बरं का, त्याच्याबद्दल तक्रार नाही, पण स्पीकर आमच्या डोक्यावर, त्यातनं सारखी घूं घूं, आणि वेटरला सुरमई सांगितलेली ऐकूच गेली नाही, त्यानं आणलं चिकन लॉलीपॉप! समुद्र वीस पावलांवर आणि त्याचा आवाज येत नाही, काय उपयोग? उठलो, बिल दिलं, आणि मांडवीच्या काळ्या वाळूत जाऊन नुसतं बसलो, ते फुकटचं गाणं जास्त बरं होतं.

राजवाड्याला पाचातले साडेचार, अर्धा कमी कारण डास. कॅफेला एक, तोपण त्या पोरासाठी.

जाणार असाल तर रात्री परत यायच्या भानगडीत पडू नका, आंबा घाटात धुकं असतंय. शाल न्या. आणि खुर्ची पुसायला एखादा जुना टॉवेल न्या, दवानं पँट मागनं ओली होते आणि चहाच्या स्टॉलवर लोक बघत्यात.