टेबल जड होता, म्हणून मी फसलो

मी टेक्ससमध्ये, ह्यूस्टनजवळ राहतो. रेंजवर रायफल चालवायची आणि उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांत नवा प्रायमर (ठिणगी देणारी छोटी टोपी), बंदुकीची दारू आणि गोळी बसवून घरीच काडतुसं तयार करायची, हा माझा चार वर्षांचा छंद. स्वतःच्या वापरापुरतं हे इथे कायदेशीर आहे. यासाठी घेतलेल्या टेबलात माझे ६०० डॉलर बुडाले.

या कामाला साधा टेबल चालत नाही. पुंगळी डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून मूळ मापावर आणताना टेबलाला बोल्टांनी बसवलेल्या प्रेसचा (दाबयंत्राचा) दांडा चांगला जोर लावून ओढावा लागतो, आणि तो सगळा जोर बोल्टांतून वरच्या फळीवर येतो. शिवाय दारू ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत तोलायची असते. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. टेबल हलला की काटा स्थिर राहत नाही, दारू मोजून टाकणाऱ्या मापातली दारू हादऱ्यांनी खाली बसते आणि दर वेळी कमीजास्त पडते. जास्त पडली तर चेहऱ्याजवळ धरलेली रायफल फुटू शकते.

जाहिरातीतल्या माणसाने सांगितलं होतं : वर पाऊण इंची प्लायवूडचे दोन थर, खाली सुकवलेल्या लाकडाचे चौकोनी पाय, सगळे जोड आरपार बोल्टांचे. मी कोपरा उचलून पाहिला, उचलेना. एवढा जड म्हणजे भक्कमच, असं मी धरून चाललो.

फसगत तिथेच झाली. वरची फळी प्लायवूडची नव्हतीच, एमडीएफची, म्हणजे लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेली होती. एमडीएफ प्लायवूडपेक्षा जड असतं. चार बाय आठ फुटांची पाऊण इंची प्लायची शीट साठ-सत्तर पौंड भरते, एमडीएफची नव्वदच्या वर. प्रेससाठी भोक पाडायला घेतलं तेव्हा ड्रिलमधून लाकडाचा कीस निघाला नाही, पिठासारखा तपकिरी भुगा पडला. कडांना खऱ्या लाकडाची पट्टी चिकटवून आतला माल झाकला होता. प्रेस बसवला, महिन्याभरात बोल्टांभोवतीची फळी दबली, भोकं सैल झाली.

मग टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरलो. पायांवर बाहेरून दिसणारे बोल्ट म्हणजे नुसती कापून चिकटवलेली डोकी होती. आतून सगळा भार ड्रायवॉलच्या, म्हणजे भिंतीला जिप्समची पाटी ठोकायच्या, बारीक स्क्रूंवर. पायांवरचा लाकडाच्या प्रतीचा शिक्का चारही ठिकाणी घासून काढलेला. लाकूड ओलं होतं. सुकताना पीळ पडून एक पाय जमिनीवरून उचलला गेला.

विकणाऱ्याचा फोन बंद, जाहिरात गायब. पैसे मी फोनवरून थेट त्याच्या खात्यात टाकले होते. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात, परत मिळणार नाहीत. पोलिसांत तक्रार दिली आहे.

माझे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. फोनवर सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, “अरे, खालून बघितलं होतंस का?” नव्हतं बघितलं. तुम्ही बघा. बोल्टाच्या दुसऱ्या टोकाला नट हाताला लागलाच पाहिजे. फळीची एक तरी कड उघडी असू द्या, प्लायचे थर मोजता येतात. शिक्क्यावर ‘केडी’ म्हणजे भट्टीत सुकवलेलं, ‘एस-ग्रीन’ म्हणजे ओलं. शिक्काच नसेल तर घेऊ नका. आणि टेबल उचलून पाहू नका, दोन्ही हातांनी आडवा ढकलून पाहा.

नवा टेबल मी स्वतः केला आणि भिंतीतल्या उभ्या लाकडांना पक्का जखडला. जुन्याची ती बोल्टांची डोकी डबीत ठेवली आहेत, पोलिसांनी मागितली तर द्यायला.