टाळूत अडकलेला सुळा: ब्रेसेस आणि साखळीचे आमचे ११ महिने

लेकीला तेरावं लागलं तरी वरचा डावा सुळा आला नव्हता. दुधाचाच तिथे घट्ट बसलेला. सासूबाई म्हणायच्या, "दूधना दात शे, पडी जाई." गावातल्या दवाखान्यातही "थांबा, येईल" एवढंच ऐकलं. थांबलो, आणि तिथेच चुकलो. हा सुळा साधारण ११-१२ व्या वर्षी येतो. नवव्या-दहाव्या वर्षीच ओठाच्या बाजूने हिरडीवर बोट फिरवलं तर त्याचा फुगवटा लागायला हवा. तेव्हा कळलं असतं तर कदाचित दुधाचा सुळा काढूनच भागलं असतं.

जळगावला ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे, काढला. सुळा तिरका होऊन टाळूकडे सरकलेला, टोक शेजारच्या दाताच्या मुळाशी. सीबीसीटीत, म्हणजे दातांच्या थ्रीडी स्कॅनमध्ये, ते मूळ जरा झिजलेलंही दिसलं. इतकं होऊन लेकीला ना कधी दुखलं, ना सूज.

आधी ब्रेसेस लावून जागा केली. मग भूल देऊन टाळू उघडली, सुळ्याला बटण चिकटवलं, बटणाला बारीक सोनेरी साखळी जोडली आणि टाके घातले. साखळीचं दुसरं टोक तारेला. सासूबाईंचा पहिला प्रश्न, "सोनं खरं का?" जळगावात हा प्रश्न येणारच.

पहिले चार दिवस वाईट. मऊ खिचडी, ताक, केळी. पुढे सवय झाली, पण बिबडे, भाजलेले शेंगदाणे आणि ऊस आजतागायत बंद. कळण्याची भाकरी शेवभाजीच्या रश्श्यात कुस्करून खाते. भरीत शेंगदाण्यांशिवाय करते मी. घरातल्या बाकीच्यांची कुरकुर चालूच असते. तार टोचली की मेण लावायचं. दातांमधला छोटा ब्रश मात्र चुकवायचा नाही, एकदा हिरडी सुजली तेव्हा धडा मिळाला.

दर चार आठवड्यांनी चोपड्याहून एसटीने तापी ओलांडून जायचं, पाच मिनिटं साखळी ताणून घ्यायची आणि परत. मे महिन्यातल्या त्या फेऱ्या नकोशा होतात. पण ओढ हलकीच ठेवावी लागते. घाईने जोर लावला तर मुळांना इजा होते. महिन्याला सुळा सरकतो तो जेमतेम एखादा मिलिमीटर.

चौथ्या महिन्यात बटण सुटलं. पुन्हा भूल, पुन्हा टाके. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, तरी लेक रडली नाही, मीच रडले. सातव्या महिन्यात टाळूवर पांढरं टोक दिसलं. आज सुळा रांगेत आहे, पण वळलेला. अजून सहा-आठ महिने तार राहील. शेजारच्या मुळाची झीज थांबलीय.

खर्च ६० हजारांच्या पुढे गेला. तरी पैसे वसूल, असंच म्हणेन. कारण सगळ्यांना ही संधी नसते. अमळनेरच्या भाच्याचा खालचा सुळा हाडातल्या हाडात आडवा सरकत हनुवटीची मधली रेघ ओलांडून पलीकडे गेलाय. इतका लांब गेलेला ओढून आणणं बहुधा जमत नाही, त्याचा सुळा काढूनच टाकायचं ठरलंय.

धाकट्याला नुकतीच नऊ पूर्ण झाली. दर रविवारी त्याच्या हिरडीवर बोट फिरवते. उजवीकडे फुगवटा लागतो. डावीकडे अजून नाही; दिवाळीनंतर लेकीच्या फेरीला त्यालाही घेऊन जाणार आहे.