रोआतानची स्नॉर्कलिंग सहल आणि नंबरचा मास्क: वर्षभर वापरल्यानंतर

गेल्या आठवड्यात माझ्या नंबरच्या मास्कचं डावं बक्कल तुटलं. हा स्नॉर्कलिंगचा, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघण्याचा मास्क, चष्म्याच्या नंबरच्या काचा बसवलेला. काच शाबूत, सिलिकॉन शाबूत, फक्त पट्टा अडकवायची प्लास्टिकची खीळ गेली. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की बक्कल सुटं मिळत नाही, नवा मास्क घ्या, थोडी सूट देतो. नव्वद डॉलरचा मास्क एवढ्याशा तुकड्यासाठी टाकून द्यायचा हे मला अजिबात मान्य नाही आणि मेलामेली अजून चालू आहे. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन बंदरातून क्रूझला जाणारी आपल्याकडची बरीच मंडळी थंडीची बुकिंगं आत्ताच करतात आणि होंडुरासच्या रोआतान बेटावर कोणती सहल घ्यायची हे मला हमखास विचारतात. म्हणून मास्क आणि सहल दोन्हींबद्दल एकदाच सविस्तर लिहिते. जहाज, केबिन, जेवण यावर लिहीत नाही, ते सगळीकडे वाचायला मिळतं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सासूबाई बरोबर होत्या, त्यामुळे जहाजाकडूनच एकत्र सहल घेतली: स्नॉर्कलिंग, स्लॉथ (झाडाला लटकून राहणारा संथ प्राणी), माकडं, मकाव पोपट आणि शेवटी किनारा. माणशी शंभर डॉलरच्या वर, कालावधी साडेचार तास. साडेचार तास वाचून माणसाला वाटतं, भरपूर झाले. प्रत्यक्षात धक्क्यावर छातीला स्टिकर लावून उभं राहा, बस भरेपर्यंत थांबा, कॉक्सन होल या बंदराच्या गावातल्या गर्दीतून निघा, प्राण्यांच्या पार्कात तास-सव्वा तास काढा, वेस्ट बेच्या किनाऱ्यावर पोहोचा, मग फिन्सच्या (पोहताना पायात घालायच्या वल्ह्यांच्या) मापासाठी पुन्हा रांग आणि त्यानंतर सूचना. पाण्यात तोंड घातल्यापासून गाईडने परत बोलवेपर्यंत पाऊण तासही मिळाला नाही. मी पाण्याबाहेर आले ती घड्याळ बघतच.

तेव्हापासून मी एकच गोष्ट विचारते: पाण्यात किती मिनिटं? माहितीपत्रकात सगळं छापलेलं असतं, किमान वय, जेवण आहे की नाही, चालायला किती लागेल. हा एक आकडा मात्र कुठेच नसतो. ‘स्नॉर्कलिंगसहित’ एवढ्यावर वीस मिनिटंही खपतात आणि दीड तासही. सहलीच्या किमतीला पाण्यातल्या मिनिटांनी भागून बघा. आमच्या त्या सहलीत एका मिनिटाला अडीच डॉलरहून जास्त पडले. जे रोआतानला मासे आणि प्रवाळ बघायला जातात त्यांनी बाकीचे सगळे निकष बाजूला ठेवून आधी हा भागाकार करावा.

कारण तिथलं पाणीच तसं आहे. रोआतान मेसोअमेरिकन रीफच्या, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळांच्या लांबलचक रांगेच्या, दक्षिण टोकाला येतं. मेक्सिकोतल्या युकातानपासून इथपर्यंत ही रीफ सुमारे १००० किलोमीटर पसरली आहे. वेस्ट बेला तर ती किनाऱ्यापासून पोहत जाण्याइतकी जवळ आहे, आणि किनाऱ्याच्या नैर्ऋत्य टोकाला, खडकांच्या बाजूला, सगळ्यात जवळ. मी आधी मालवणला स्नॉर्कलिंग केलं होतं. तिथे पाणी चांगलं असलं तरी थोड्या अंतरापुढे सगळं धूसर होतं. इथे खाली पांढरी वाळू, तिच्यावरून सरकणारी आपलीच सावली आणि पलीकडे रीफची कड उतरत जाते तिथला गडद निळा रंग, हे सगळं एका नजरेत मावतं. पाण्याखाली कान देऊन ऐकलं तर कुरकुर कुरकुर असा बारीक आवाज येतो. तो पॅरटफिशचा. चोचीसारख्या दातांनी ते प्रवाळाच्या खडकावरचं शेवाळ खरवडतात, सोबत खडकही चावतात, आणि त्याचं पीठ मागून वाळू होऊन बाहेर पडतं. माझ्यासमोर एकाने घास घेतला तेव्हा खडकावर उमटलेली ताजी पांढरी खूण स्पष्ट दिसली. ही खूण दिसायला वेळ द्यावा लागतो. मासा तुमची सवय करून घेतो आणि मग जवळ येतो. पाऊण तासात वीस माणसांच्या लाथा मारणाऱ्या घोळक्यात ते होत नाही.

आता स्लॉथ. सहलीचं नाव त्याच्यावर, फोटो त्याचे, आणि खरं सांगते, बुकिंग करताना मलाही त्याचीच ओढ होती. पार्कात रांग होती. सांभाळणारा मुलगा एका बाईच्या गळ्यातून स्लॉथचे हात सोडवायचा, पुढच्या माणसाच्या गळ्यात घालायचा, फोटो, पुन्हा सोडवायचा. त्या प्राण्याच्या पुढच्या पायांना दोन-दोन वाकड्या नख्या असतात. त्या फांदीला घट्ट धरायला असतात, त्यामुळे प्रत्येक वेळी त्या कुणाच्या तरी शर्टातून एकेक करून काढाव्या लागत होत्या. माझी पाळी आली तेव्हा त्याने मान वळवून मागच्या झाडाकडे केली. मी हात पुढे केले नाहीत आणि रांगेतून बाहेर आले. दिवसाचा मोठा भाग झाडावर लटकून झोपेत काढणारा हा प्राणी, त्याला सकाळपासून शेकडो गळ्यांत फिरवायचं हे मला बघवलं नाही. शिवाय स्लॉथ मुळात रोआतानचे नाहीतच, मुख्य भूमीवरून आणलेले आहेत. तिथे मांडीवर येणारी कापुचिन माकडंही तशीच. म्हणजे बेटावरचं वन्यजीवन म्हणून जे दाखवतात त्यातलं बरंच बाहेरचं.

बेटाचे स्वतःचे प्राणी आहेत, फक्त त्यांचं तिकीट नाही. पाठीवर आणि शेपटीवर काटे असलेली एक घोरपडीसारखी इग्वाना इथे सापडते, ती जगात फक्त रोआतानवर आणि आसपासच्या छोट्या बेटांवर आहे. बसची वाट बघताना पार्कच्या भिंतीवर एक ऊन खात बसली होती. आमच्या गटातल्या कुणीही वर बघितलं नाही. मानेवर पिवळा ठिपका असलेले ॲमेझॉन पोपट इथल्या पाइनच्या झाडीत अजून रानटी आहेत, पण पिल्लं चोरून विकल्यामुळे ती जात अतिशय धोक्यात आली आहे. ज्याला प्राणी बघायचे आहेत त्याने हात न लावता बघण्याची सहल शोधावी. ‘प्राणी हातात मिळेल’ असं लिहिलेलं असेल तर पुढे वाचायची गरज नाही, हे माझं ठाम मत आहे.

काही महिन्यांनी, उन्हाळ्यात, आम्ही दोघंच पुन्हा गेलो. या वेळी जहाजाची सहल नाही. रोआतानच्या एका छोट्या बोटवाल्याला आधी ईमेल करून तोच प्रश्न विचारला. त्याने सरळ लिहिलं: दोन जागा, मिळून दीड तास पाण्यात, बोटीवर जास्तीत जास्त आठ माणसं. टॅक्सी आणि टीप धरून माणशी सत्तरच्या आत खर्च झाला. भागाकार करा, मिनिटाला डॉलरही नाही. दुसऱ्या जागेवर हॉक्सबिल कासव स्पंजमध्ये चोच खुपसून खात होतं, आम्ही त्याच्या वर तरंगत राहिलो आणि गाईडने घाई केली नाही. ईगल रे (पंखांसारखे पर असलेला चपटा मासा) दिसला तो अगदी रीफच्या कडेला, पंख हलवत निघून गेला. त्या दिवशी संध्याकाळी मी सगळ्यांना मेसेज केले की जहाजाची सहल घेऊच नका.

तो सल्ला मी आता तसाच देत नाही. याला कारण वेळ. होंडुरासमध्ये उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, टेक्सासमध्ये करतात. आमच्या जहाजाने टेक्सासची वेळ धरली होती आणि फोनने किनाऱ्यावर नेटवर्क मिळताच स्थानिक वेळ घेतली, म्हणजे बरोबर एक तास मागे. आम्ही मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावलं होतं म्हणून निर्धास्त होतो. पण परतीच्या टॅक्सीत रस्ता अडला होता, आणि शेजारी बसलेलं एक जोडपं फोन बघून ‘अजून खूप वेळ आहे’ म्हणत होतं. त्यांना घड्याळ दाखवलं तेव्हा दोघांचे चेहरे उतरले. जहाजाची स्वतःची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं. स्वतंत्र गेलात तर ते थांबत नाही, पुढचं बंदर गाठायचा खर्च तुमचा. थंडीत होंडुरास आणि टेक्सासची वेळ एकच असते, तेव्हा हा घोळ नाही. पण मेक्सिकोतल्या कोझुमेल बंदराला थंडीतही तास पुढे असतो, तिथे जपा.

दुसरं कारण सासूबाई. त्यांना पोहता येत नाही, गुडघे दुखतात. मालवणला त्यांनी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ रिंग धरून स्नॉर्कलिंग केलं होतं, माणूस रिंग ओढत सगळं दाखवत फिरवतो. रोआतानला गाईड पुढे पोहतो आणि लाइफ जॅकेट घालून आपण मागे. जहाजाच्या सहलीत मात्र एक जादा माणूस होता, त्याने त्यांना हात धरून उथळ पाण्यातून नेलं आणि बोटवाल्याकडे ती सोय नव्हती. ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुलं बरोबर असतील तर जास्तीचे डॉलर वाया जात नाहीत, हे मी आता मान्य करते. फक्त स्लॉथ नसलेली, नुसती किनारा आणि स्नॉर्कलिंगची सहल घ्या. पाण्यातली मिनिटं तिथेही विचारा, सहलींच्या काउंटरवरच्या माणसाला माहीत नसेल तर त्याला शोधायला लावा.

मास्ककडे वळते. माझा नंबर वजा साडेपाच. पाण्यात वस्तू साधारण एक-तृतीयांशाने मोठ्या दिसतात, म्हणून थोड्या नंबरवाल्यांचं साध्या मास्कवर निभावतं. माझं निभावत नाही, चष्म्याशिवाय मासा म्हणजे रंगाचा डाग. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरू नका असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, संसर्गाचा धोका असतो. तयार नंबरच्या काचा अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने मिळतात आणि डाव्या-उजव्या डोळ्याला वेगळ्या बसवता येतात. सिलिंडर नंबर (दृष्टिवैषम्याचा) मात्र त्यात नसतो, तो जास्त असेल तर काचा करून घ्याव्या लागतात आणि किंमत चढते.

नव्या मास्कवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो, त्यामुळे पहिल्याच डुबकीला काच धुरकटते. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने आतली काच अंगठ्याने चांगली घासा, एकदा नव्हे, चार-पाच वेळा. त्यानंतर दर वेळी बेबी शाम्पूचा एक थेंब पसरून हलकं विसळलं की पुरतं. मापासाठी पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा, मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. कपाळावरचे केस आत अडकले की पाणी झिरपतं, मी आता पातळ टोपी घालते. नवऱ्याला मिशीमुळे थोडं पाणी येतंच, तो मध्ये मध्ये नाकाने फुंकून काढतो.

वर्षभर सॅन मार्कोस नदीत सराव केला. टेक्सासमध्ये असाल तर हे नक्की करा, झऱ्याचं पाणी आहे, बारा महिने साधारण २२ अंश आणि स्वच्छ. पहिल्यांदा नळीतून श्वास घेताना घाबरायला होतं, ते घाबरणं नदीत संपवलं की रोआतानची मिनिटं फुकट जात नाहीत.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. रोआतानच्या प्रवाळांची अवस्था चांगली नाही. २०२० मध्ये तिथे कठीण प्रवाळांचा पेशीक्षयाचा रोग पोहोचला, २०२३ च्या उन्हाळ्यात समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडले. ब्रेन कोरलवर (मेंदूसारख्या घड्या असलेल्या प्रवाळावर) पांढरा पट्टा पसरलेला मी जवळून पाहिला, कडेला अजून जिवंत तपकिरी आणि मध्ये नुसता सांगाडा. त्यामुळे उभं राहायला पाय टेकू नका, फिन्सने मागे लाथ बसत नाही ना बघा. पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहण्याचा घट्ट शर्ट) आणि लेगिंग घाला, मग सनस्क्रीन फक्त चेहऱ्याला लागतं, तेही झिंकचं घ्या. आपल्या बायकांना हा वेश सोयीचाही आहे, कुणी वळून बघत नाही.

टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवा, माणशी की गाडीचं, एकेरी की परत आणण्यासकट, हे चारही शब्द उच्चारून. जहाज कोणत्या बंदराला लागतंय तेही बघा. कॉक्सन होलहून वेस्ट बे साधारण अर्धा तास, महोगनी बेहून (आताचं नाव इस्ला ट्रोपिकाले) त्याहून जास्त.

येत्या जानेवारीसाठी दोन बोटवाल्यांना लिहिलं होतं. एकाने मिनिटं कळवली, दुसऱ्याने पुन्हा दरपत्रकच पाठवलं. पहिल्याकडे सकाळच्या फेरीचे पैसे भरले आहेत. सासूबाई वेस्ट बेवर काचेच्या तळाच्या बोटीत बसणार आहेत आणि त्या फेरीत रीफवर नेमका किती वेळ थांबतात हे त्यांनी स्वतःच विचारायला लावलं आहे.